उन्हातलं गोंदण



हल्ली नागपुरात फुटाळ्याच्या काठावर संध्याकाळी चक्कर मारली, की दहातल्या तीन-चार पोरापोरींच्या अंगावर टॅटू दिसतो. कुणाच्या मनगटावर आईचं नाव, कुणाच्या मानेवर पाखरू, कुणाच्या दंडावर शंकराचा त्रिशूळ. हीच मंडळी सुट्टी लागली की गोव्याला जातात आणि त्यातली बरीच जणं तिथूनच गोंदून येतात. मग घरोघरी प्रश्न सुरू होतो. नवा टॅटू, डोक्यावर रणरणतं ऊन, समोर खारं पाणी... आता याची काळजी घ्यायची कशी?

प्रश्न नवा वाटतो, पण नवा नाही. आपल्या भागातल्या बायकांनी तो शंभर वर्षांपूर्वी आपल्या परीनं सोडवून ठेवला होता, आणि तोही जन्मात कधी समुद्र न बघता! आज त्याविषयी लिहावंसं वाटलं. मी काही त्वचारोगतज्ज्ञ नाही, शाळेत इतिहास आणि मराठी शिकवणारी बाई. त्यामुळे थोडं मागून सुरुवात करते, सवयच आहे ती.

'टॅटू' हा शब्द इंग्रजीत आला तो कॅप्टन जेम्स कुकमुळे. 1769 साली त्याचं जहाज ताहिती बेटावर गेलं, तिथं लोक अंगावर नक्षी टोचून घेत आणि तिला 'तताऊ' म्हणत. खलाशांनी शब्द उचलला, नक्षीही उचलली. पुढे 1891 साली न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली यानं गोंदायच्या विजेच्या यंत्राचं पेटंट घेतलं. एडिसनची विजेवर चालणारी लेखणी होती, तिच्यावरून ही कल्पना निघाली. आज आपल्या जत्रांमधून बॅटरीवर कुर्रर्र आवाज करत चालणारं यंत्र दिसतं, ते त्याच घराण्यातलं. पण गोंदणं ही गोष्ट त्याहून फार जुनी. आल्प्स पर्वतात बर्फात गोठलेला जो माणूस 1991 साली सापडला, तो सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा. त्याच्या अंगावर 61 खुणा मोजल्या गेल्या आहेत. म्हणजे माणूस लिहायला लागला त्याच सुमारास, कदाचित त्याआधीही, तो अंगावर खुणा करत होता.

आता आपल्या घरी येऊ.

नव्या पिढीला सांगावं लागतं की नागपूर ही एकेकाळी राजधानी होती. 1861 साली मध्य प्रांत झाला, पुढे 1903 मध्ये त्याला वऱ्हाड जोडला, आणि 1956 साली राज्यांची फेररचना होईपर्यंत मंडला, बालाघाट, छिंदवाडा हे जिल्हे आणि आपण एकाच राज्यात होतो. तिकडच्या जंगलातली माणसं आणि आपली माणसं एकाच बाजाराला येत. म्हणून आपल्या गोंदणाचा इतिहास शोधायचा तर मंडल्यापर्यंत जावंच लागतं.

त्या जंगलांतून हिंडलेला एक लष्करी अधिकारी होता, कॅप्टन जेम्स फोर्साइथ. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरचं त्याचं पुस्तक 1871 साली निघालं. तो लिहितो की वाटेनं जाताना एखाद्या गावातून मोठमोठ्या किंकाळ्या ऐकू येत, आणि कळे की आत एखाद्या गोंड मुलीला गोंदणं चाललं आहे. पुढे 1916 साली रॉबर्ट रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रसेलसाहेबांना काही तो छापलेला बघायला मिळाला नाही. पहिल्या महायुद्धात 'पर्शिया' नावाचं प्रवासी जहाज 30 डिसेंबर 1915 रोजी भूमध्य समुद्रात पाणतीरानं बुडालं, त्यात ते गेले.

या ग्रंथात गोंडांच्या गोंदणाची माहिती आहे. मुलीला शक्यतो लग्नाआधी, बापाच्या घरी गोंदावं. लग्नानंतर गोंदलं तरी खर्च माहेरच्यांनी करावा. मंडल्याकडे बायकांच्या पायांवर मागच्या बाजूनं समांतर रेषांच्या ओळी असत, त्यांना 'घाट' म्हणत, म्हणजे पायऱ्या. मधूनमधून 'सांकळ'. डोंगर चढायला पायांत बळ यावं म्हणून ही खूण असेल का, असा लेखकांचा तर्क आहे. मांत्रिक छातीवर किंवा उजव्या खांद्यावर आपल्या देवाची आकृती गोंदून घेत, म्हणजे देव कायमचा जवळ राहतो आणि शत्रूची करणी चालत नाही. आणि हो, पोर ओरडते म्हणून मैत्रिणींनी तिला धरून ठेवावं लागे, हेही त्यात आहे.

मला यातली माहेरच्या खर्चाची गोष्ट फार बोलकी वाटते. आपण मुलीला सोनं घालतो ते सासरी काढून घेतलं जाऊ शकतं, गहाण पडू शकतं, चोरीला जाऊ शकतं. गोंदण कुणालाच काढून घेता येत नाही. मेल्यावरही सोबत येणारा एवढाच दागिना, अशी समजूत गोंडांतही होती आणि आपल्या खेड्यापाड्यांतही होती. गरीब बापानं मुलीला दिलेलं ते कायमचं स्त्रीधनच!

पण हा दागिना घडतो जखमेतून. सुईनं कातडी हजारदा टोचायची आणि त्यात काजळी भरायची. म्हणजे गोंदण आधी जखम असतं, दागिना ते नंतर होतं. आणि मधले जे दिवस, जखमेचा दागिना होईपर्यंतचे, तेच खरे काळजीचे. आज आपण ज्याबद्दल विचारतो आहोत ते हेच दिवस.

ते दिवस कोण सांभाळत असे? गोंदणाऱ्या बाया. गोंडांमध्ये ओझा नावाचा गाणाऱ्या-शकुन सांगणाऱ्यांचा वर्ग असे, त्यांच्या बायका गोंदण्याचं काम करत. मंडला, दिंडोरी, बालाघाटकडच्या बैगा बायकांना बादी जातीच्या बाया गोंदत. बैगांइतकं गोंदण बहुधा कुणाकडेच नसेल. मुलगी आठेक वर्षांची झाली की कपाळावर पहिली खूण, मग वयाप्रमाणे हात, पाठ, पाय. रामतिळाच्या तेलाचा दिवा लावून त्याची काजळी मातीच्या झाकणावर धरायची. रामतिळ म्हणजे आपलं कारळं, ज्याची चटणी आपण भाकरीशी खातो तेच. काजळी तेलात कालवायची, सुयांचा जुडगा घेऊन टोचत जायचं. झालं की अंग धुऊन त्यावर तेच रामतिळाचं तेल आणि हळद. सूज उतरावी म्हणून.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हंगाम. बैगांकडे गोंदण्याचा हंगाम थंडीच्या चाहुलीनं सुरू होतो आणि उन्हाळा आला की संपतो. पावसाळ्यात गोंदायचं नाही. का, ते कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नव्हतं. पण पावसाळ्यात जखम चिघळते, चिखल, माश्या, ओलं कापड, आणि हाताशी रोवणीचं काम. उन्हाळ्यात घामाची धार आणि उन्हाचा चटका. उरली थंडी. पिकं घरात आलेली, हातात चार दाणे, अंगाला घाम नाही, जखम लवकर सुकते. असं सगळं नीट जुळतं ते कार्तिकापासून पुढेच.

हे मी पुस्तकातून वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही, कारण आमच्या आजीचा हिशेब हाच होता. आजीचं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, साकोलीकडचं, चुलबंद नदीच्या काठी. घर कुणब्यांचं, धानाची शेती. तिच्या हातावर तुळशीवृंदावन होतं, मनगटावर ठिपक्यांची माळ, हनुवटीवर तीन ठिपके. तिला गोंदलं ते 1910 च्या आसपास, म्हणजे रसेलसाहेब आणि हिरालाल माहिती जमवत होते जवळपास त्याच काळात. आम्ही लहानपणी तिच्या हातावरच्या तुळशीला बोट लावून विचारायचो, "आजी, दुखलं का गं?" ती म्हणायची, "टोचताना का दुखते पोरी, मंग दुखते. आन् त्याहून जास्त खाजते!"

दिवाळी झाली, धान कापून खळ्यात आलं, की गोंदणारी गावात यायची. पायलीभर धान आणि जुनं लुगडं ही तिची बिदागी. गोंदून झालं की ती उठून जायची नाही. आधी घरच्या बाईला बसवून सांगायची. ते नियम आजीला तोंडपाठ होते आणि ते तिनं आम्हाला इतक्यांदा सांगितले की मलाही पाठ झाले. हात पंधरा दिवस पदराखाली ठेवायचा, उघड्या उन्हात न्यायचा नाही. नदीवर धुणं धुवायला जायचं नाही, पाणी लावायचं तर उकळून निववलेलं. चुलीजवळ बसायचं नाही. ढोरांना, शेणाला हात लावायचा नाही. खपली आली की नख लावायचं नाही, तेलाचं बोट फिरवायचं. आणि तेल किती? आजी बोटाचं टोक दाखवायची, "एवढुसं. थापायचं नोको, जीव गुदमरते तिचा." तिचा म्हणजे कातडीचा!

आता बघा. शेण, चूल, नदीचं धुणं आणि ऊन हे सगळं काढून घेतल्यावर त्या काळच्या आठ-दहा वर्षांच्या मुलीला काम उरतंच काय? म्हणजे गोंदणारी बाई त्या पोरीला पंधरा दिवसांची सुट्टीच मिळवून देत होती. आजी म्हणायची, तिच्या जन्मात दोनदाच कुणी तिला 'बस, काम करू नको' म्हटलं. एकदा गोंदलं तेव्हा, आणि एकदा आमचे बाबा झाले तेव्हा.

आता या पंधरा दिवसांमागचं शास्त्र काय, ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगते.

आपल्या कातडीचा वरचा थर सारखा झडतो आणि नवा येतो, महिना-सव्वा महिन्यात तो बदलतोच. रंग तिथंच राहिला असता तर गोंदण महिन्याभरात गेलं असतं. म्हणून सुई त्याच्या खालच्या थरापर्यंत, एक-दोन मिलिमीटर आत जावी लागते. बाहेरचं काहीतरी आत शिरलं म्हणून शरीराच्या भक्षक पेशी धावत येतात आणि रंगाचे कण गिळतात. गिळतात, पण पचवू शकत नाहीत! 2018 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की अशी एखादी पेशी मेली की तिच्यातला रंग बाहेर पडतो आणि शेजारची नवी पेशी तो लगेच गिळते. म्हणजे गोंदण टिकतं ते रंग एका पेशीकडून दुसरीकडे असा सोपवला जातो म्हणून. आजीची तुळस पंचाहत्तर वर्षं तिच्या हातावर राहिली, ती अशी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली जात होती, तिच्या हाताच्या आतच. मला तर हे वाचून भरूनच आलं.

पण ही व्यवस्था बसायला वेळ लागतो. पहिले दोन ते चार आठवडे वरची कातडी उघडी असते. ऊन, म्हणजे त्यातले अतिनील किरण, अशा कातडीवर पडले की ती भाजते, सुजते, पाणी धरते, खपली जाड होते, आणि ती निघताना रंग घेऊन निघते. शिवाय सूर्यप्रकाश काही रंगांचे कण फोडतो. आजचे लाल, पिवळे, केशरी रंग बरेचसे प्रयोगशाळेत बनलेले असतात, त्यांतले पुष्कळ उन्हानं विरतात. युरोपात तर गोंदण्याच्या शाईतल्या हजारो रसायनांवर जानेवारी 2022 पासून निर्बंध आले. दिव्याची काजळी म्हणजे शुद्ध कोळसा. त्याला ऊन काही करत नाही. वावरात उभा जन्म घालवलेल्या बायांच्या कपाळावरचं गोंदण म्हातारपणीही दिसे ते म्हणूनच. काळी काजळी कातडीखालून हिरवट-निळसर दिसते, तो प्रकाश विखुरण्याचा खेळ. वयाबरोबर रेषा थोड्या पसरतात, एवढंच.

इथे एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायला हवी. जुनं ते सगळं सोनं, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. गोंदणारी एकाच सुयांच्या जुडग्यानं सगळ्या गल्लीला गोंदायची. जंतू म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. काही ठिकाणी गोंदून झाल्यावर जखम शेणानं आणि पाण्यानं धुवायची रीत होती. आज आपल्याला माहीत आहे की धनुर्वाताचे जंतू शेणात आणि मातीत असतात. किती पोरी तापानं फणफणल्या, किती गेल्या, याची नोंद कुणी ठेवली नाही. आणि फोर्साइथनं ऐकलेल्या त्या किंकाळ्या कुणाच्या होत्या? ज्या पोरीला 'तुला हवं आहे का' असं कुणी विचारलेलं नव्हतं, तिच्या. आजची मुलगी आपल्या मर्जीनं, आपल्या पैशानं, आपल्याला हवं तिथं गोंदते. हा बदल मला चांगला वाटतो, नातलगांपैकी कुणी नाक मुरडलं तरी!

पण निवड आपल्या हाती आली आणि जपणूक मात्र हातची सुटली, असं झालंय खरं. आमच्याच घरातलं उदाहरण सांगते. माझी नात (तिची परवानगी घेऊन लिहिते आहे) मैत्रिणींबरोबर भर मे महिन्यात गोव्याला गेली. पहिल्याच दिवशी किनाऱ्याजवळच्या एका ठिकाणी खांद्यावर फुलांची वेल गोंदून घेतली, लाल-पिवळी. करणाऱ्यानं सुई नवी वापरली, हातमोजे घातले, सगळं चोख. पण पुढे काय करायचं ते कागदाच्या एका चिटोऱ्यावर, आणि तो चिटोरा हॉटेलवरच राहिला. दुसऱ्या दिवशी समुद्र, तिसऱ्या दिवशी वाळूत ऊन खात पडणं. नागपूरला आली ती खांदा लालबुंद, फोड आलेला, अंगात कणकण. इथल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी औषधं दिली, आठ दिवसांत ताप-सूज गेली. पण वेलीची दोन फुलं पुसट झाली ती झालीच. मी तिला आजीचे नियम सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आजी, हे तर डॉक्टरांनी सांगितलं तेच आहे. फक्त ढोरं सोडून!"

खरंच तेच आहे. डॉक्टर बाईंनी सांगितलेलं इथे लिहून ठेवते, कुणाच्या उपयोगी पडलं तर पडेल. गोंदल्यावर वरचं आवरण सांगितलेल्या वेळेपर्यंत ठेवावं. मग हात स्वच्छ धुऊन कोमट पाण्यानं आणि सौम्य साबणानं हलकेच धुवावं, चोळू नये, स्वच्छ कापडानं टिपावं. मलम अगदी पातळ लावावं (आजीचं "एवढुसं" आठवलं की नाही?). खपली उचकटू नये, खाज सुटली तरी नख लावू नये. दोन ते चार आठवडे, म्हणजे कातडी पूर्ण भरून येईपर्यंत, समुद्र, तलाव, पोहण्याचा हौद सगळं बंद, अंघोळ चालते. तोवर ऊन लागू द्यायचं नाही, आणि त्यासाठी सनस्क्रीनही लावायचं नाही, कारण उघड्या जखमेवर ते झोंबतं. सैल सुती कापडानं झाकायचं. पूर्ण भरून आल्यावर मात्र बाहेर पडताना सनस्क्रीन, एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्त, आणि समुद्रावर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. लाली वाढत गेली, पू आला, ताप आला, तर घरचे उपाय करत न बसता डॉक्टरकडे जायचं.

समुद्राचं पाणी खारट, म्हणजे जंतुनाशक, असा एक समज आहे. तो घातक आहे. कोमट खाऱ्या पाण्यात वाढणारे काही जंतू उघड्या जखमेतून शिरतात. 2017 साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या 31 वर्षांच्या माणसाची हकिगत आली होती. पायावर गोंदून पाच दिवस झाले असताना तो मेक्सिकोच्या आखातात पोहला. त्याचं यकृत आधीच बिघडलेलं होतं. संसर्ग झाला आणि सुमारे दोन महिन्यांनी तो गेला. असं क्वचित घडतं, घाबरवायला सांगत नाही. पण आजीच्या गोंदणारीनं नदी बंद केली होती ती काय उगाच?

आणि हो, 'आम्ही पक्कं नाही गोंदवत, मेहंदीचं तात्पुरतं काढून घेतो' म्हणणाऱ्यांसाठीही एक सूचना. किनाऱ्यांवर जी काळीकुट्ट मेहंदी काढून देतात, तिच्यात पुष्कळदा केसांच्या कलपातलं पीपीडी नावाचं रसायन असतं. त्यानं कातडी भाजल्यासारखे फोड येतात आणि डागही राहतात. खरी मेहंदी तांबूस-तपकिरी रंगते, काळी नाही. काळी दिसली की हात मागे घ्यायचा. गोंदवल्यावर बारा महिने रक्तदान करता येत नाही, हेही तरुणांनी लक्षात ठेवावं.

आपल्याकडे समुद्र नाही, पण ऊन आहे. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. अशा गावात राहणाऱ्यांना उन्हाचं भय शिकवायला नको. दुपारी बाहेर पडताना आपण तोंडाला दुपट्टा गुंडाळतो, खिशात कांदा टाकतो, पन्हं पितो. मग नव्या गोंदणाच्या बाबतीतच हे शहाणपण कुठे जातं? मला वाटतं, गोंदण आणि जपणूक यांची फारकत झाली म्हणून. पूर्वी दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या हातात होत्या. तिला हंगाम ठरवता येत होता. मे महिन्यात कुणी बोलावलं असतं तरी ती आली नसती. आज हंगाम ठरवते ती आपली सुट्टी.

इतिहासाची शिक्षिका म्हणून मला आणखी एक रुखरुख आहे. साहेबांनी आणि आपल्याही अभ्यासकांनी नक्षी टिपून घेतली. कोणती रेष कोणत्या देवाची, कोणत्या जमातीत किती ठिपके, हे सगळं ग्रंथांत आलं. आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे 1863 साली सुरू झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात गेलात तर आदिवासींच्या वस्तू काचेआड मांडलेल्या दिसतील. पण वस्तू काचेत ठेवता येते, जखम कशी भरली ते काचेत ठेवता येत नाही. अशा ग्रंथांत जात सापडते, नक्षी सापडते. गोंदणारीचं नाव सहसा सापडत नाही. आमच्या आजीच्या गोंदणारीचं नाव तरी कुठं माहीत आहे? 'गोंदणारी' एवढंच. जिनं एका पोरीच्या हातावर पाऊणशे वर्षं टिकणारी तुळस लावली, वर ती जगवायची कशी तेही शिकवलं, तिला पायलीभर धान देऊन गावानं रवाना केलं आणि विसरून गेलं.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात, गावात अजून गोंदलेल्या म्हाताऱ्या आया-आज्या असतील तर त्यांच्याजवळ बसा. गोंदणाचे फोटो सगळेच काढतात, तेही काढा. पण त्यांना हेही विचारा की कोणत्या महिन्यात गोंदलं, गोंदणारी कुठून आली, तिचं नाव काय, तेल कशाचं होतं, काय काय करू नको म्हणाली. नाव मिळालं तर आधी तेच लिहून काढा. या बाया ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत, फार वेळ नाही.

आणि तरुण मंडळी, गोव्याला खुशाल जा, हवं ते गोंदवा. फक्त समुद्र आधी, गोंदण नंतर, परतीच्या आदल्या दिवशी! त्याहून बरं म्हणजे दिवाळीपर्यंत थांबा. कार्तिकातली थंडी पडू द्या, मग इथंच नागपुरात गोंदवून घ्या आणि पंधरा दिवस हात झाकून निवांत बसा. कुणी काम सांगितलं तर माझ्या आजीचं नाव सांगा.